फेटे, मुकुट आणि उवा : बालनाट्याच्या कपडेपटाविषयी

प्रश्न असा आला आहे: पार्ल्यात आम्ही काही जणी मिळून मुलांचं नाट्यशिबिर घेतो. 27 मुलं आहेत, वयं 6 ते 11. कपडेपट सगळ्यांचा मिळून एकच आहे: दोन ट्रंका कपडे, 14 मुकुट, 8 फेटे, नकली केसांचे 3 टोप, प्राण्यांचे मुखवटे. परवा एका मुलीच्या डोक्यात उवा दिसल्या. तेव्हापासून पालकांच्या ग्रुपवर दुसरा विषय नाही. कुणी म्हणतं सगळे कपडे टाकून द्या, कुणी म्हणतं औषध फवारा, दोघांनी मुलांना पाठवणं बंद केलंय. प्रयोग 11 दिवसांवर आला आहे. काय करू?

ताई, आधी दोन गोष्टी सांगते, बाकीचं नंतर निवांत वाचा. एकही कपडा टाकू नका. आणि ट्रंकांत, कपड्यांवर, मुखवट्यांवर कसलंही औषध फवारू नका. 11 दिवस पुरेसे आहेत, प्रयोग ठरल्याप्रमाणे होऊ द्या.

गेली 26 वर्षं मी मुलांच्या नाटकांचा कपडेपट सांभाळते. गिरगावातल्या आमच्या घरात माळ्यावर नऊ ट्रंका आहेत. मे महिन्यातली शिबिरं, दिवाळीच्या सुट्टीतले प्रयोग, डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग, असं वर्षभर हे कपडे फिरत असतात. या एवढ्या वर्षांत कुणाच्याच डोक्यात ऊ निघाली नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही. टॉवरमधल्या मुलांच्या निघतात, चाळीतल्या मुलांच्या निघतात. रोज डोक्यावरून नाहणाऱ्या मुलींच्याही निघतात. उवांचा अस्वच्छतेशी संबंध नाही. केस स्वच्छ आहेत की तेलकट, हे ऊ बघत नाही. तिला फक्त टाळू हवी असते.

यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. डोक्यातली ऊ साधारण तिळाएवढी. तिला पंख नाहीत आणि उडी मारायला लागतात तसले पायही नाहीत. ती चालते, केस धरून चालते. दिवसातून अनेक वेळा तिला रक्त प्यावं लागतं. डोक्यावरून खाली पडली की उपाशी राहते आणि दीड-दोन दिवसांत मरते. म्हणजे तुमच्या ट्रंकेत गेल्या दिवाळीपासून उवा बसून आहेत आणि झाकण उघडताच मुलांवर चढताहेत, असं जे चित्र पालकांच्या डोळ्यांसमोर आहे, ते घडूच शकत नाही. कपड्यांच्या शिवणीत राहणारी ऊ वेगळी असते. आठवडेच्या आठवडे तेच कपडे अंगावर ठेवावे लागतात अशा हालाखीत ती होते. आपल्या मुलांच्या डोक्यातली ती नव्हे.

लिखेचं काय, हा पुढचा प्रश्न येणारच. मादी रोज सहा-आठ अंडी घालते, तीही केसाच्या मुळाशी, टाळूपासून अर्ध्या सेंटिमीटरच्या आत, कारण अंड्याला टाळूची ऊब लागते. एखादा केस लिखेसकट तुटून फेट्यात अडकला, तर ती ऊब संपली. अशा लिखेतून पिल्लू बाहेर येणं अवघड. आलंच, तर त्याला लगेच रक्त मिळायला हवं.

मग मुलांना उवा होतात कुठून? डोक्याला डोकं लागून. तुमच्याच तालमीत अर्धा तास एका कोपऱ्यात बसून बघा. एकाच वहीत डोकी घालून दोन मुली संवाद पाठ करत असतात. पाच जण एका मोबाइलवर कालच्या तालमीचा व्हिडिओ बघत असतात. झाड झालेली मुलं एकमेकांना टेकून झोपलेली असतात. उवांचा मुख्य रस्ता हा आहे. मुकुट, टोप, फणी, केसांचे रबर यांवरून त्या जाऊ शकतात, पण ते क्वचित, आणि तेही एकाच्या डोक्यावरचं पाच मिनिटांत दुसऱ्याच्या डोक्यावर गेलं तर. धोतर, बाराबंदी, परकर-पोलकं यांवरून जाण्याची भीती जवळजवळ सोडून द्या.

म्हणून तुमची सगळी मेहनत मुलांच्या डोक्यांवर आणि डोक्यावर चढणाऱ्या वस्तूंवर लागायला हवी. लोक नेमकं उलटं करतात. चार दिवस कपडे धुतात, आणि तालमीत मुलं पुन्हा डोक्याला डोकं लावून बसलेली असतात.

आता डोकी. आजच सगळ्या पालकांना एकच निरोप पाठवा, नाव न घेता. मी पाठवते तो असा असतो: ‘शिबिरातल्या एका मुलाच्या डोक्यात उवा आढळल्या आहेत. या वयात हे नेहमीचं आहे, घाबरण्यासारखं काही नाही. आज रात्री आपल्या मुलाचं आणि घरातल्या सगळ्यांचं डोकं बारीक फणीनं तपासावं. उवा दिसल्या तर मला वेगळा मेसेज करावा, ग्रुपवर लिहू नये. शिबिर चालू राहील.’ शेवटची दोन वाक्यं गाळू नका.

यामागे एक गोष्ट आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका प्रयोगाच्या मध्यंतरात मी एका आठ वर्षांच्या मुलीचा गजरा नीट करत होते. कानामागे ऊ चालताना दिसली. मी विंगेतूनच मोठ्यानं म्हणाले, ‘अगं, हिच्या डोक्यात उवा आहेत, हिचा मुकुट कुणी घेऊ नका!’ सगळ्यांनी ऐकलं. तिनं दुसरा अंक केला, संवाद एकही चुकली नाही, पण मान वर केली नाही. दोन दिवसांनी ती आली ती केस कापून. कमरेपर्यंतची वेणी होती, आईनं पार मानेवर आणली होती. त्या कापलेल्या केसांची जबाबदार मी आहे, असं मी आजही मानते. केस कापायची गरज नव्हती. फणी, धीर आणि पंधरा दिवस एवढंच लागलं असतं. तुमच्याकडची मुलगी शिबिरात आलेली असेल तर तिची भूमिका, तिची जागा, काही बदलू नका. सापडण्याआधी उवा तिच्या डोक्यात बहुधा दोन-चार आठवडे होत्याच. आज तिला घरी बसवून काय साधणार? अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा उवांपायी मुलांना शाळेतून घरी पाठवू नये, असंच सांगते.

तपासायचं कसं तेही सांगते, कारण अर्ध्या पालकांना कोंडा आणि लीख यांतला फरक कळत नाही. कोंडा फुंकर मारली की उडतो, नखानं ढकलला की सरकतो. लीख केसाला एका बाजूनं चिकटलेली असते, डिंकानं चिकटवावी तशी. दोन नखांत धरून ओढावी लागते. कानामागे आणि मानेवरच्या बटांत आधी बघा. कोरड्या केसात ऊ पळते, ओल्या केसात जागच्या जागी थांबते, म्हणून केस धुऊन, भरपूर कंडिशनर किंवा खोबरेल लावून, पांढऱ्या पंच्यावर मान खाली घालून विंचरायचं. फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत आणायची आणि दर वेळी पंच्यावर पुसायची. आजीच्या वेळची फणीही चालते, फक्त तिचे दात सरळ आणि एकमेकांजवळ हवेत.

जिवंत ऊ दिसली तरच उपचार. सगळ्या 27 मुलांना ‘असू दे’ म्हणून औषध लावायचं नाही. औषधाचा रस्ता घ्यायचा तर 1 टक्का परमेथ्रिनचं लोशन, 10 मिनिटं ठेवून धुवायचं आणि नवव्या दिवशी पुन्हा, म्हणजे पहिल्या खेपेला वाचलेल्या लिखांतून निघालेली पिल्लं अंडी घालायच्या आत मरतात. दुसरी खेप न करणं हेच ‘औषध लागू पडत नाही’ या तक्रारीचं नेहमीचं कारण. दुकानातून आणताना टक्केवारी वाचून घ्या. 5 टक्क्यांचं क्रीम खरजेसाठी असतं, ते हे नव्हे. मूल लहान असेल किंवा डोक्यात खाजवून जखमा झाल्या असतील तर आधी डॉक्टरांना दाखवायचं. औषध नको असेल तर नुसत्या ओल्या विंचरण्यानंही उवा जातात, पण नेम हवा: पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा दिवस, एकही न चुकवता. आज पहिला दिवस धरला तर तुमचा नववा दिवस प्रयोगाच्या आधीच येतो. जमून येतंय बघा.

आणि पालकांना हेही स्पष्ट लिहा: रॉकेल नाही, ढेकणांचं औषध नाही, फिनाइल नाही. हे अजूनही होतं. रॉकेल लावलेलं डोकं गॅसजवळ गेलं तर काय होईल याचा विचारही नको वाटतो. कीटकनाशक टाळूतून अंगात भिनतं, मूल दगावूही शकतं.

आता मुकुट, फेटे, टोप. आजच ते सगळे प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशव्यांत घालून तोंड बांधा आणि तीन दिवस हात लावू नका. ऊ असलीच तर ती त्यात मरेल. पुढे प्रयोगांमध्ये खंड असेल तेव्हा पिशवी पूर्ण दोन आठवडे बंद ठेवा म्हणजे लिखांचीही शंका उरत नाही. जरी, टिकल्या, मखमल, मोरपीस यांना पाणी लावता येत नाही. त्यांना बंद पिशवी आणि दिवस, एवढंच औषध पुरतं, आणि ते फुकट आहे.

ज्याला पाणी लागलेलं चालतं, म्हणजे सुती फेटे, पट्ट्या, टोपाखालच्या टोप्या, त्यांना गरम पाणी. साधारण 54-55 अंशांच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं राहिलं की ऊ आणि लीख दोन्ही मरतात. आपल्याकडे पाण्यात थर्मामीटर घालून कोण बसणार? म्हणून माझं माप असं: एक पातेलं खळखळ उकळलेलं पाणी आणि तेवढंच नळाचं. मुंबईत नळाचं पाणी कोमट असतंच, दोन्ही मिळून 60च्या आसपास येतं. कपडे घालून वर झाकण ठेवायचं, हात घालायचा नाही, लाकडी दांड्यानं ढवळायचं. फण्या आणि क्लिपाही त्यातच. नंतर शिवणीवरून गरम इस्त्री फिरवा.

टोपाला मात्र गरम पाणी दाखवू नका. नायलॉनच्या केसांचा गुंता होतो, तो सुटत नाही. टोप आणि गंगावण पिशवीत बंद. भाड्यानं आणलेल्या टोपाबद्दल तर जास्तच सांभाळा. एकदा एका दुकानातून आलेले चार टोप मी प्रयोगाच्या सकाळी उघडले, तर आतली जाळी ओली, कालच्या घामानं. आदल्या रात्री ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर होते हे उघड होतं. तेव्हापासून भाड्याचं जे काही डोक्यावर चढतं ते मी तीन दिवस आधी मागवते. तीन दिवसांचं भाडं जास्त जातं, जाऊ दे.

प्रयोगाच्या दिवशी नियम एकच: एक वस्तू, एक डोकं. मुकुटाच्या आत मुलाच्या नावाची चिठ्ठी लावा. दोन राजकन्यांना एकच मुकुट आळीपाळीनं असं असेल तर भुलेश्वरला जाऊन दुसरा आणा, साधा पुठ्ठ्याचा फार महाग नाही. मुलींच्या घट्ट वेण्या किंवा अंबाडा घरूनच घालून यायला सांगा. प्रत्येकीनं आपली फणी, आपले रबर, आपल्या पिना एका पिशवीत आणायच्या. ग्रीन रूममध्ये सगळ्यांना एकच फणी फिरते, ती बंद. फेट्या-टोपाखाली केसांवर पातळ डिस्पोजेबल टोपी घालायची. प्रिन्सेस स्ट्रीटला सर्जिकलच्या दुकानांत शंभर-शंभरच्या पाकिटात मिळतात.

इथपर्यंत उवांचं झालं. पण मला तुमच्या कपड्यांची खरी काळजी वाटते ती वेगळ्या कारणानं, आणि पालकांच्या ग्रुपवर ते कारण कुणी लिहिलेलं नसणार. गजकर्ण. आपल्या दमट हवेत गेल्या काही वर्षांत हा बुरशीचा आजार फार वाढलाय, लवकर बराही होत नाही, त्यातून लोक दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली मलमं आणून लावतात आणि तो आणखी चिवट करून ठेवतात. ऊ दोन दिवसांत मरते, बुरशीचे कण कपड्यात आठवडेच्या आठवडे टिकतात. तिथं बंद पिशवीचा उपाय चालत नाही. उलट ओल राहिली तर बुरशीचंच फावतं. धोतराचा कमरपट्टा, सलवारीची नाडी, पोलक्याची काख, अंगरख्याची मान, या चार जागा बघा. तिथं कापड कडक झालेलं, पिवळं पडलेलं हाताला लागेल.

यावर माझा उपाय साधा आहे आणि मी तो कुणालाही मोडू देत नाही. कपडेपटातला कपडा उघड्या अंगाला लागता कामा नये. प्रत्येक मुलानं आत स्वतःचं सुती बनियन आणि गुडघ्यापर्यंतची स्वतःची पँट घालायची. मावळा असो, ससा असो, झाड असो. मे महिन्यात मुलं कुरकुरतात, उकडतं म्हणतात, ते खरंही आहे. म्हणून प्रवेश आला की कपडा चढवायचा आणि झाला की उतरवायचा, दोन तास अंगावर ठेवायचा नाही. सुती कपडे प्रयोगानंतर वर सांगितलं तसेच गरम पाण्यातून काढायचे. अंगावर गोल, कडेला लाल चट्टा दिसला, तर त्या मुलाचा कपडा त्याच्यापुरता वेगळा ठेवा आणि आईला बाजूला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवा.

ओल हा मुंबईतल्या कपडेपटाचा कायमचा शत्रू. एका ऑगस्टमध्ये दादरचा प्रयोग संपला, बाहेर मुसळधार, गाड्या बंद पडायच्या आत घरी पोचायचं म्हणून मी घामेजलेले कपडे तसेच ट्रंकेत दाबले. मग आठवडाभर ताप आला. बाराव्या दिवशी झाकण उघडलं तर काळ्या मखमलीच्या अंगरख्यावर पांढरी लव उगवलेली, पीठ भुरभुरावं तशी, आणि अस्तर बोट लावताच फाटलं. तो अंगरखा माझ्या सासूबाईंनी हातानं शिवला होता. आता कितीही रात्र झाली तरी कपडे आधी दोरीवर, पंख्याखाली. उन्हात घालायचे ते उलटे करून, अस्तर वर. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ट्रंका उघडून कपड्यांना वारा देते, आणि आत जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या ठेवते, त्या ओल शोषतात. ओल्या झाल्या की बदलायच्या.

डांबरगोळ्या मी बंद केल्या. उवांवर त्यांचा उपयोग नाही, त्या कसर लागू नये म्हणून असतात. आणि काही मुलांच्या रक्तात जी6पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, त्यांना डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनच्या संपर्कानं तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. कुठल्या मुलाला तसं आहे हे आपल्याला माहीत नसतं. कपडा स्वच्छ आणि कोरडा ठेवला तर कसर फारशी लागत नाही.

प्रॉपर्टीचं फार काही नाही. तलवारी, ढाली, कमंडलू, लाकडी-प्लॅस्टिकचं काहीही साबणाच्या पाण्यानं पुसा, वाळवा. बासरी, शंख, पिपाणी तोंडाला लावायची असेल तर ज्याची त्यानं घरून आणायची, नाहीतर नुसता अभिनय. रंगभूषेत स्पंज आणि काजळ ज्याचं त्याचं. लिपस्टिक कांडीनं थेट लावू नका, थोडी बशीत काढून घ्या आणि प्रत्येकाला वेगळ्या काडीनं लावा. डोळे आलेल्या मुलाला डोळ्यांची रंगभूषा नाही.

शेवटी मुकुटाच्या आतल्या पट्टीचं सांगते, कारण तुमचे 14 मुकुट आहेत आणि हे काम एका दुपारचं आहे. मुकुट उलटा धरून आत बघा. कपाळाला लागतो तिथं बहुतेक स्पंज चिकटवलेला असेल, आणि तो काळपट झालेला असेल. नखानं खरवडलात तर घाम, पावडर, कुंकू आणि केस यांचा थर निघेल. तो काढून टाका, डिंक स्पिरिटनं पुसून घ्या (खिडकी उघडी ठेवून, जवळ गॅस-निरांजन नको). त्या जागी जुन्या मऊ सुती साडीची दुहेरी पट्टी बसवा, दोन इंच रुंद. 6 ते 11 वयाच्या मुलांच्या डोक्याचा घेर साधारण 20-21 इंच असतो, पट्टी 22 इंच ठेवा. पट्टीला पाच टिचबटणं शिवा, त्यांची जोडी मुकुटाच्या कडेला. वेल्क्रो लावू नका, मुलींचे केस त्यात अडकून ओढले जातात. अशा पट्ट्या मुकुटांच्या दुप्पट करा, म्हणजे 28. प्रयोग झाला की पट्टी सुटी करून गरम पाण्यात, मुकुट पिशवीत. वाघाच्या नि माकडाच्या मुखवट्यांनाही हनुवटीपाशी आणि कपाळाशी अशीच सुटी पट्टी बसते. साडीचं कापड आधी एकदा गरम पाण्यातून काढून, वाळवून मगच कापा, नाहीतर पहिल्याच धुण्यात पट्टी आटेल आणि टिचबटणं जुळणार नाहीत.